पांडेसऱ्यातली आत्या

भूपेंद्र दगा सोनवणे यांना दोन मुलगे आहेत, एक सून आहे, ओठांवर झाडूसारखी दाट मिशी आहे, आणि तरीही सुरतेच्या पांडेसऱ्यात महेशभाईंच्या साड्यांच्या मिलमध्ये गेली पंचवीस-सव्वीस वर्षं त्यांना सगळे 'आत्या' म्हणतात. पाठीमागे नाही, तोंडावर. सुरुवातीला भूपेंद्रभाऊ चिडायचे. पुढं नुसते हुं करायचे. आणि गेल्या चैत्रात हेच आत्यापण आपल्या हातून जातं की काय, या धास्तीनं त्यांचं जेवण सुटलं. गल्लीतल्या लोकांना वाटलं शुगर वाढली. शुगर कसली, पोटात दुखत होतं ते निराळंच.

हे आत्यापण कुठून आलं, ते आधी सांगायला हवं.

अठ्ठ्याण्णव साली मिलचं डिझाइनखातं कतारगामात होतं, महेशभाई शेठच्या जुन्या घराच्या तळमजल्यावर. तोवर भूपेंद्रभाऊ साडीची डिझाइन हातानं काढत. आठ रंगांची साडी असली की पारदर्शक फिल्मचे आठ ताव घ्यायचे आणि काळ्या शाईनं तेच फूल आठ वेळा काढायचं. एका तावावर देठ, दुसऱ्यावर पाकळ्या, तिसऱ्यावर पाकळीची कड. पंधरा दिवसांत एक साडी व्हायची आणि मान आठवडाभर वळायची नाही. अशात एक दिवस टेम्पोतून खोकी उतरली. ती घेऊन आलेला माणूस त्या यंत्राला कॉम्प्युटर म्हणू देईना.

"कॉम्प्युटर बँकेत असतो. हे वर्कस्टेशन आहे," तो म्हणाला. "यावर एकच माणूस बसणार आणि दहा जणांचं काम करणार."

"स्टेशन, आणि माणूस एकच?" छपाईच्या टेबलावरचा किसन म्हणाला. "मग उधन्याच्या स्टेशनात एवढी गर्दी काय मरायला होते?"

यंत्रासाठी वेगळी खोली झाली. खोलीला एसी बसला. बाहेर चपला काढायच्या, आत शिंकायचं नाही. माणसांना साधा पंखा, यंत्राला थंडगार हवा. पडदा म्हणाल तर लोखंडी कपाटाएवढा खोल. तो उजळला आणि त्यावर एक रिकामी चौकट येऊन थांबली: नाव लिहा. त्याशिवाय गाडी पुढं सरकेना. त्या माणसानं सवयीनं 'डब्ल्यूएस वन' असं लिहायला घेतलं, तर भूपेंद्रभाऊंनी त्याचा हातच धरला.

"आमच्याकडे बैलालासुद्धा बैल नंबर एक म्हणत नाहीत," ते म्हणाले, आणि एका बोटानं अक्षरं शोधत शोधत लिहिलं: तापी.

"नाव ठेवलं खरं," किसन म्हणाला, "पण कानात कुठं सांगितलं?"

आता यंत्राला कान कुठला? मागच्या बाजूला जाळीतून गरम वारा येत होता, तोच कान धरला. भाऊ वाकले, मिशी जाळीला टेकली, आणि बारशाला आत्या म्हणते तसं ते म्हणाले, "कुर्रर्र... तापी!" आणि मग काय! खोलीत अमळनेर, शिरपूर, शहाद्याकडचेच सगळे. आत्यानं नाव ठेवलं की आत्याच्या पाठीत धपाटे पडायलाच हवेत. पहिला किसनचा पडला, मग बाकीच्यांनी हात धुऊन घेतले. दुसऱ्या दिवशी सरलाबाईंनी, म्हणजे भाऊंच्या नव्या नवरीनं, डबाभर घुगऱ्या पाठवल्या. गुजराती शेठ हरभरे चघळत म्हणाले, "आ तो सारो रिवाज छे," आणि रिवाज पडला.

त्या तापीचं पुढं काय झालं ते सुरतेत कुणाला सांगायला नको. दोन हजार सहाच्या पुरात नदी तळमजल्यात आली आणि तिनं आपल्या नावाचं यंत्र छतापर्यंत बुडवलं. चिखलातून काढलं तेव्हा जाळीत मासोळी होती, असं किसन सांगतो. किसनचं अर्धं सोडून द्यावं. पण त्यानंतर डिझाइनखातं पांडेसऱ्याला हललं, आणि लोक म्हणू लागले, नदीची नावं आता पुरे.

भाऊ हटले नाहीत. "आपल्या खानदेशातल्या गिरणा आणि पांझरा काय सुरतेत येणार आहेत बुडवायला?"

"येतातच की," किसन म्हणाला. "तापीत मिसळून आपल्यासारख्या इथंच येतात."

तरी नावं नद्यांचीच राहिली. गिरणा आली ती फडताळाएवढी होती. पांझरा पेटीएवढी. बोरीचा पडदा पातळ झाला, अनेरला एसीची खोली लागली नाही, आणि गोमाई तर इतकी आटोपशीर की तिचा कान शोधायला भाऊंना टेबलाखाली रांगावं लागलं. यंत्रं बारीक होत गेली, धपाटे मात्र जाड होत गेले. दुसरीकडंही यंत्रांना नावं असतातच, पण कशी? कतारगामातल्या एका हिऱ्याच्या कारखान्यात शेठनं यंत्रांना नातवंडांची नावं दिली. मग 'पिंकी हँग झाली', 'पिंकीला फॉरमॅट मारा' असं सगळा कारखाना ओरडू लागला, आणि पिंकीची आई सासऱ्याशी महिनाभर बोलली नाही. असलं आमच्या आत्याच्या राज्यात कधी झालं नाही.

नावाचा मान नुसता धपाट्यांपुरता नव्हता. साडीच्या ताक्याला कडेला जी पट्टी असते, पुढं कापूनच टाकतात, तिच्यावर बारीक अक्षरात डिझाइनचा नंबर, यंत्राचं नाव आणि करणाऱ्याचं नाव छापून येतं. 'गिरणा, भूपेंद्र.' 'पांझरा, भूपेंद्र.' प्रत्येक यंत्राची पहिली पट्टी भाऊ घरी आणायचे आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचे. पासबुकं गादीखाली, डबा मात्र देव्हाऱ्याखाली.

आणि या सगळ्यात चार वर्षांपूर्वी जयश्री आली.

जयश्री महाले, उधन्याची, अठ्ठावीस वर्षांची. आईबाप नंदुरबारकडचे, पण पोरगी जन्मापासून सुरतेची. भाऊंशी मराठीत बोलायची, शेठशी गुजरातीत, फोनवर हिंदीत, आणि यंत्राशी बहुधा मनातल्या मनात, कारण यंत्र तिचं सगळं ऐकायचं. भाऊंनीच तिला शिकवलं. रंग वेगळे कसे करायचे, पदराचं फूल काठाशी भांडणार नाही असं कसं बसवायचं, आणि सगळ्यात मोठा धडा: "एकदा ठेवलेलं यंत्राचं नाव कधी बदलायचं नाही. आतला प्रोग्राम नाव बघून ओळखतो. नाव बदललं की घरात परका माणूस शिरल्यासारखा दार लावून बसतो." हे ते गोमाईच्या वेळी स्वतः ठेच खाऊन शिकले होते.

पहिल्या वर्षी भाऊ कौतुकानं सांगायचे, "पोरीचा हात चांगला आहे." दुसऱ्या वर्षी, "बरा आहे." तिसऱ्या वर्षी तिची एक साडी बाजारात अशी चालली की व्यापारी 'जयश्रीबेनची डिझाइन' मागू लागले, आणि भाऊ म्हणायला लागले, "हात काय, सगळं मशीनच करतं हल्ली." तिच्या डब्यातली भाजी त्यांना खारट लागू लागली. ती हसली की वाटायचं, आपल्यालाच हसली. ती 'काका' म्हणायची, त्यातही त्यांना वय मोजल्यासारखं वाटायचं.

गेल्या चैत्रात महेशभाईंनी नवीन वर्कस्टेशन मागवलं. असलं यंत्र आख्ख्या पांडेसऱ्यात नव्हतं. साडीची नक्षी त्यावर अशी दिसायची की पडद्यालाच हात लावून पोत बघावासा वाटे. भाऊंनी याच यंत्रासाठी दोन वर्षं एक नाव राखून ठेवलं होतं: वाघूर. जळगावकडची नदी, नावातच वाघ. आंघोळीच्या वेळी ते मोरीत म्हणून बघायचे, "कुर्रर्र... वाघूर!" सुनेनं एकदा ऐकलं आणि नवऱ्याला विचारलं, मामंजी कुणाला बोलावतात हो?

सोमवारी शेठ खात्यात आले आणि उभ्या उभ्याच बोलले.

"भूपेंद्रभाई, नवा मशीन पर जयश्री बेसशे. अने नाम पण ए ज राखशे. हवे तमे आराम करो."

आराम करो! नव्या यंत्रावर जयश्री बसणार, नावही तीच ठेवणार, आणि यांनी आराम करायचा. पोटात सुरी खुपसून वर हात फिरवावा तसं झालं. जयश्रीनं भाऊंकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण भाऊ गोमाईच्या पडद्यात डोकं घालून बसले होते. पडद्यावर एकही फाईल उघडी नव्हती.

"आत्याबाई," किसन कानाशी येऊन म्हणाला, "पेन्शन लागली म्हणायची."

"तू तुझे रंग घोळ."

घरी सरलाबाईंनी ताट वाढलं. भाऊ भाकरीचे तुकडे करत राहिले, खाईनात. सरलाबाईंची घरच्या अहिराणीत चौकशी सुरू झाली.

"काय व्हयनं? तोंड काब्र उतरी गयं?"

"काही नाही."

"नवं मशीन उनं ना? घुगऱ्या कव्हय करू?"

"तिला सांग करायला. आत्या बदलली."

सरलाबाईंनी क्षणभर पाहिलं आणि तोंडावर पदर घेतला. हसल्या की काय, देव जाणे. पण हरभरे मात्र भिजत टाकले.

चार दिवस भाऊ जयश्रीशी बोलले नाहीत. ती "काका, चहा?" म्हणाली की यांना लघवीला लागायची. ती "काका, एक विचारायचं होतं" म्हणाली की यांचा फोन वाजायचा, न वाजताच. मनात मात्र अखंड चालू होतं. काय नाव ठेवणार ही? काहीतरी इंग्रजी, चकचकीत. नाहीतर कुठल्या नटीचं. पंचवीस वर्षांच्या नद्या, आणि शेवटी हे!

शुक्रवारी बारसं ठरलं, दुपारी तीन वाजता. सकाळी प्रोग्राम बसवणारा योगेंद्र आला. त्यानं आणि जयश्रीनं नव्या यंत्रापाशी दोन तास डोकं घातलं, नाव लिहिलं, त्या नावावर प्रोग्रामचं लायसन घेतलं, त्याचा कागद पाकिटात घालून जयश्रीनं पाकीट चिकटवलं. नाव तीन वाजेपर्यंत कुणाला कळायचं नाही, हाही रिवाज भाऊंचाच. योगेंद्र फटफटीला किक मारून सचिन गावाकडच्या दुसऱ्या मिलला गेला.

एक वाजता जेवणाची सुट्टी झाली. सगळे डबे घेऊन गच्चीवर गेले. भाऊ जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत गेले, चष्मा विसरला असं स्वतःशीच मोठ्यानं म्हणाले, आणि परतले. चष्मा खरोखरच टेबलावर राहिला होता, पण तो घ्यायचं भान राहिलं नाही. नव्या यंत्रापुढं ते उभेच राहिले, खुर्ची तिची. नावाची चौकट कुठं असते ते त्यांना डोळे मिटून ठाऊक होतं. आधी कोणतं नाव आहे ते धूसर दिसलं, वाचायची इच्छाही नव्हती. ते पुसलं, आणि एका बोटानं लिहिलं: वाघूर. यंत्र एकदा बंद होऊन चालू झालं. भाऊंनी इकडं तिकडं बघितलं, मागं वाकले, आणि जाळीत पुटपुटले, "कुर्रर्र."

चार दिवसांनी त्या दुपारी ते पोटभर जेवले. स्वतःच जगाला शिकवलेला धडा त्यांना एका घासालाही आठवला नाही.

तीन वाजता शेठ नारळ घेऊन आले. सोबत बाजारातला एक मोठा व्यापारी होता. लग्नसराईची नवी साडी त्याच्यासमोर छापून निघायची होती. सरलाबाईंच्या घुगऱ्यांचा डबा टेबलावर वाफाळत होता. जयश्री नवा पंजाबी ड्रेस घालून आली होती. किसन हात चोळत होता. नव्या आत्याची पाठ कोवळी आहे, जरा जपून, असं सगळ्यांना बजावत होता.

"आधी पहिली साडी निघू दे," शेठ म्हणाले, "मग नाव."

जयश्रीनं प्रोग्राम उघडला. पडद्यावर लाल पट्टी आली: या यंत्रासाठी लायसन नाही.

तिनं परत उघडला. परत लाल. तिसऱ्यांदाही लाल. छपाईच्या यंत्रावर पांढरं कापड ताणून तयार, शाईच्या नळ्या भरलेल्या, आणि सगळं ठप्प. व्यापाऱ्यानं घड्याळ पाहिलं. शेठच्या हातातला नारळ जड झाल्यासारखा खाली आला.

भूपेंद्रभाऊंच्या मानेमागून घामाचा एक थेंब निघाला आणि सरळ कंबरेपर्यंत गेला. आत्ता आठवलं. सगळं आठवलं.

जयश्रीनं योगेंद्रला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"मॅडम, सकाळी चाललं होतं ना? मग नाव बदललंय कुणीतरी. लायसन नावाला बांधलेलं आहे. नाव बघा बरं."

तिनं नावाची चौकट उघडली. खोलीतली सगळी डोकी पुढं झाली. वाघूर.

आता सांगा, असा चोर पाहिलाय का कुठं? घरफोडी करायची आणि भिंतीवर आपली सही करून जायची! आख्ख्या पांडेसऱ्यात खानदेशच्या नद्यांवरून यंत्राला नाव ठेवणारा माणूस एकच. किसननं छताकडे पाहिलं. बाकीचे घुगऱ्यांच्या डब्याकडे पाहू लागले. 

"कोणे बदल्युं?" शेठनी विचारलं.

भाऊंनी तोंड उघडलं. पंचवीस वर्षं ज्या खात्यात मानानं धपाटे खाल्ले, तिथून आता मान खाली घालून निघायचं, एवढंच त्यांना दिसत होतं. 

"माझ्याकडून झालं, शेठ," जयश्री म्हणाली. "नाव बदलून बघत होते. लायसनचं लक्षात नाही राहिलं." मग तिनं पर्समधून चिकटवलेलं पाकीट काढलं आणि भाऊंपुढं धरलं. "काका, तुम्हीच नीट करा. यातलं नाव आहे तसं लिहायचं. माझा हात थरथरतोय."

हात मुळीच थरथरत नव्हता. डोळे मात्र भाऊंवर रोखलेले होते.

भाऊंनी पाकीट फोडलं. कागद डोळ्यांपासून लांब धरला, जवळ धरला. किसननं टेबलावरचा चष्मा आणून त्यांच्या नाकावर चढवला. मग दिसलं.

कागदावर लिहिलं होतं: आत्या.

भाऊंनी कागद उलटा करून पाहिला, मागं आणखी काही असेल म्हणून. काही नव्हतं.

"हे... ही थट्टा आहे का?" ते हळूच म्हणाले.

"अर्धी," जयश्री तितक्याच हळू म्हणाली. "उरलेला अर्धा मान. हे नाव चालेल का, ते चार दिवस विचारायला बघत होते. तुम्ही सारखे लघवीला."

भाऊ तिच्या खुर्चीत बसले. वाघूर पुसलं. दोन वर्षं राखून ठेवलेलं नाव एकेक अक्षर करत गेलं, आणि प्रत्येक अक्षरागणिक कुणीतरी दात उपटावा तसं वाटलं. खोटं कशाला सांगा. मग एका बोटानं लिहिलं: आत्या. यंत्र बंद होऊन चालू झालं. प्रोग्राम उघडला. लाल पट्टी आली नाही. छपाईच्या डोक्यानं कापडावरून पहिली फेरी मारली आणि जांभळ्या रंगाची एक पाकळी पांढऱ्यावर उमटली. व्यापारी पुढं वाकला. शेठनी नारळ फोडला.

"कानात राहिलं," जयश्री म्हणाली, आणि वाकायला निघाली.

"थांब," किसन म्हणाला. "नाव कुणी लिहिलं? शेवटी लिहिलं कुणी?"

"काकांनी."

"मग कानात कोण सांगणार?"

भाऊंना टेबलामागं रांगावं लागलं. गुडघा मोडल्यासारखा वाजला. "कुर्रर्र," ते म्हणाले.  मग आतून आलं, "आत्या." ते बाहेर निघायच्या आतच पाठीवर पहिला धपाटा पडला. किसनचा नव्हता. असा सणसणीत होता की भाऊंचा चष्मा टेबलाखाली गेला. मागं वळून पाहिलं तर जयश्री तळहात चोळत उभी.

"लागलं का काका?"

"नाही," भाऊ म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं, ते धपाट्याचं, असं त्यांनी पुढं गल्लीत सगळ्यांना सांगितलं.

संध्याकाळी ते घरी आले ते पाठ तिरकी करूनच. सरलाबाईंनी हळद गरम करायला ठेवली.

"कोनी मारं इतलं?"

"नव्या यंत्राचं बारसं होतं."

"आत्या बदलेल व्हती ना?"

"झालं काहीतरी," म्हणत भाऊंनी खिशातून पहिल्या ताक्याची पट्टी काढली. वीतभर कापड. त्यावर बारीक जांभळ्या अक्षरात डिझाइनचा नंबर, मग 'आत्या', मग 'जयश्री'. त्यांनी ती दिव्याखाली धरून दोन-तीनदा वाचली. 'आत्या' वाचताना मिशी किंचित हलायची. पुढचा शब्द आला की थांबायची.

मग ते उठले, सुनेच्या शिवणाच्या पेटीतली कात्री घेतली, आणि 'आत्या'च्या पुढं नीट, सरळ रेषेत कापलं. 'आत्या'चा तुकडा बिस्किटांच्या डब्यात गिरणा-पांझरांच्या वर ठेवला. 'जयश्री'चा तुकडा फरशीवर पडला. भाऊंनी तो पाहिला नाही, किंवा पाहिलाही असेल; हातपाय धुवायला मोरीत गेले.

सरलाबाईंनी तो उचलला, पदरानं पुसला, आणि डब्यात पहिल्या तुकड्याला लागून ठेवला. झाकण घट्ट लावलं आणि हळद खाली उतरवली.